चेहऱ्यावरचे डाग आणि घोडबंदरची हवा: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोडला लागून माझं औषधाचं दुकान आहे. दिवाळी उरकली, थंडीची चाहूल लागली की काउंटरवर येणाऱ्या दर चार-पाच माणसांमागे एक तरी गालाकडे बोट दाखवून विचारतं की हे धुळीमुळे झालंय का आणि यावर काय लावू. तेच तेच प्रश्न असतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. मी फार्मासिस्ट आहे, तुमचा डाग नेमका कसला हे सांगणं स्किनच्या डॉक्टरांचं काम, पण त्यांच्याकडे जायच्या आधी घरात जे उद्योग होतात ते थांबले तरी खूप झालं.

हवेच्या प्रदूषणाने खरंच डाग पडतात, की हे क्रीम विकायला काढलंय?

क्रीमवाल्यांनी त्याचा फायदा उचललाय हे खरं, पण मूळ गोष्ट खोटी नाही. २०१० साली जर्मनीतला एक अभ्यास छापून आला, र्‍हूर हा कोळशाच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा पट्टा आणि त्याच्याजवळचा ग्रामीण भाग, तिथल्या ७० ते ८० वयाच्या ४०० बायका त्यात होत्या. हवेतली काजळी आणि ट्रॅफिकचे कण ठरावीक मापाने वाढले की कपाळावरचे आणि गालावरचे डाग साधारण २० टक्क्यांनी जास्त दिसत होते, आणि हे उन्हात किती वावर, सिगारेट वगैरे सगळं हिशेबात धरून. पुढे २०१६ मध्ये जर्मनी आणि चीन दोन्हीकडच्या पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडचा गालावरच्या डागांशी संबंध दिसला. आता हे वयाचे डाग, आपल्याकडे जो वांग म्हणतात तो वेगळा, आणि संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नाही हेही लक्षात ठेवा, पण हे नुसतं फॅड नाहीये एवढं त्यावरून नक्की कळतं.

पीएम २.५ म्हणजे आमच्या खिडकीत रोज साचते तीच धूळ का?

बहुतेक नाही. खिडकीच्या रुळात बोट फिरवल्यावर जो करडा थर येतो ती मेट्रोच्या कामाची, आरएमसीच्या म्हणजे तयार काँक्रीटच्या गाड्यांनी सांडलेल्या सिमेंटची, टॉवरच्या बांधकामाची जाड धूळ, ती पटकन खाली बसते. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज घ्या. हे डोळ्याला दिसत नाहीत आणि हवेत तरंगत राहतात. त्यातले बरेचसे काहीतरी जळण्यातून येतात, डिझेल, कोळसा, कचरा, लाकूड, आणि त्यांच्या अंगावर चिकटलेलं असतं ते खरं त्रासाचं, म्हणजे पीएएच नावाची तेलात विरघळणारी रसायनं आणि लोखंड-तांब्यासारख्या धातूंचे अंश. म्हणून जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर आमच्या रोडवरच्या गायमुखच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये कण्हत असतात तेव्हा मागून निघणारा काळा धूर मला बांधकामाच्या धुळीपेक्षा जास्त काळजीचा वाटतो, जरी लोकांची तक्रार नेहमी धुळीबद्दलच असते.

हे कण कातडीतून आत जातात?

अख्खा कण धडधाकट कातडीतून सहसा आत जात नाही, वरचा थर त्यासाठीच आहे. पण अगदी बारीक कण केसांच्या मुळाशी जाऊन बसतात, आणि कणावरची पीएएच रसायनं चेहऱ्याच्या तेलात विरघळून आत झिरपतात. शिवाय हे कण वरच्या थरालाच कमजोर करतात, फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं जे हा थर घट्ट ठेवतं, ते पीएम २.५ मुळे कमी होतं हे प्रयोगांत दिसलंय. म्हणजे आधी दार खिळखिळं आणि मग आत प्रवेश. ज्यांची कातडी आधीच सोललेली आहे, एक्झिमा आहे, किंवा रोज स्क्रब घासतात, त्यांच्यात हे जास्त होणार.

आणि मग रंगपेशींना नेमकं काय होतं?

हे जरा सावकाश वाचा कारण पुढचं सगळं यावर आहे.

कातडीच्या वरच्या भागाच्या तळाशी मेलॅनोसाइट म्हणजे रंगपेशी बसलेल्या असतात. एकेक रंगपेशी आजूबाजूच्या साधारण ३० ते ४० साध्या पेशींना आपल्या लांब लांब फांद्यांनी रंगाच्या पुड्या पुरवते. त्या पुड्या साध्या पेशीत गेल्या की तिच्या केंद्रावर छत्रीसारख्या पसरतात आणि आतला डीएनए उन्हापासून वाचवतात. म्हणजे रंग ही शरीराची संरक्षणाची सोय आहे, मळ नाही. हा रंग बनवायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं, ते जितकं जास्त काम करेल तितका रंग जास्त.

आता धुराचे कण आले की दोन-तीन गोष्टी एकदम होतात. धातू आणि रसायनांमुळे पेशीत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस तयार होतो, म्हणजे पेशीला आतून गंजवणारे रेणू वाढतात. पीएएच जाऊन एरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर नावाच्या पेशीतल्या एका स्विचला चिकटतात, हा स्विच मुळात असल्या परक्या रसायनांची दखल घ्यायलाच आहे, तो चालू झाला की टायरोसिनेज वाढतं. आणि शेजारच्या साध्या पेशी पण घाबरून अल्फा-एमएसएच नावाचा निरोप सोडतात, तो रंगपेशीला मिळाला की ती अजून रंग बनवते. उन्हाने रापतो तेव्हाही जवळपास हाच निरोप जातो. म्हणजे तुमची रंगपेशी बिघडलेली नसते हो, तिला धोका आलाय असं कळवलं गेलंय आणि ती आपलं काम करतेय.

त्या स्विचची ताकद माणसात दिसलीय तीही सांगतो. १९६८ साली जपानच्या पश्चिम भागात राइस ब्रॅनच्या खायच्या तेलात पीसीबी नावाचं कारखान्यात वापरायचं रसायन आणि त्याच्या भावकीतली रसायनं मिसळली गेली, युशो म्हणून ओळखतात ते प्रकरण. लोकांची नखं, हिरड्या, कातडी काळवंडली, आणि त्या काळात जन्मलेली काही बाळंही काळसर रंगाची निघाली. ही रसायनं याच रिसेप्टरवर काम करतात. ते पोटातून गेलेलं विष होतं आणि मात्रा प्रचंड होती, ठाण्याच्या हवेशी त्याची बरोबरी करू नका, फक्त रसायनाने रंग चढतो म्हणजे काय ते यातून समजतं.

लॅबमधल्या पेशींवर झालं म्हणून आपल्यावर होईल कशावरून?

चांगला प्रश्न आहे आणि फार कमी लोक विचारतात. लॅबमध्ये कण थेट पेशींवर ओततात, मध्ये कातडीचा थर नसतो. शिवाय असल्या प्रयोगांत बऱ्याचदा तयार विकत मिळणारी प्रमाणित धूळ वापरतात, अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची एक प्रसिद्ध बाटली आहे तिच्यातली धूळ तर १९७६-७७ मध्ये वॉशिंग्टन परिसरात गोळा केलेली आहे. माजिवड्याच्या जंक्शनची हवा त्यात नाही. काही प्रयोगांत पेशींनी रंग जास्त बनवला, काहींत मात्रा जास्त झाल्यावर रंगपेशी मेल्याच. पण ऑपरेशनमध्ये काढलेल्या खऱ्या माणसाच्या कातडीच्या तुकड्यांवर डिझेलचे कण लावले तेव्हाही रंग वाढलेला दिसलाय, त्यामुळे दिशा एकच आहे. प्रत्येक माणसात किती फरक पडेल याचा आकडा कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

सावळ्यांना जास्त त्रास होतो का?

रंगपेशींची संख्या गोऱ्या-काळ्या सगळ्यांत साधारण सारखीच असते, फरक असतो तो रंगाच्या पुड्यांच्या आकारात आणि प्रमाणात. आपल्या कातडीत या पेशी आधीपासून कामाला तयार असतात, त्यामुळे उन्हाच्या जळण्यापासून आपण जास्त वाचतो पण साधी पुटकुळी फोडली, डास चावला, वॅक्सिंगने भाजलं तरी मागे काळा डाग राहतो. म्हणून आपल्याकडे पहिला नियम हाच की कातडीला चिडवू नका.

मला दोन्ही गालांवर वांग आहे. हे प्रदूषणामुळेच ना?

एकट्या प्रदूषणामुळे नाही. वांगाची मुख्य कारणं म्हणजे ऊन, हार्मोन्स, म्हणजे गरोदरपण किंवा गर्भनिरोधक गोळ्या, आणि घरात आई-मावशीला असणं. थायरॉइडचा त्रासही बऱ्याच जणींना सोबत असतो. भारत आणि आग्नेय आशियातल्या वांगात प्रदूषणाचा हात असावा असं काही त्वचारोगतज्ज्ञांनी मांडलंय आणि वरची यंत्रणा बघता ते पटण्यासारखं आहे, पण धूर आणि ऊन एकत्र आले की जास्त बिघडतं हे महत्त्वाचं, कारण पीएएचवर उन्हातले यूव्हीए किरण पडले की दोघं मिळून एकट्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात. दुपारी कापूरबावडीच्या सिग्नलला स्कूटीवर उभं असताना चेहऱ्यावर हे दोन्ही एकाच वेळी येतं.

मान आणि काखा काळ्या पडल्यात, धुळीने?

नाही. कातडी जाडसर, मखमली वाटत असेल तर घासू नका आणि आधी शुगर तपासून घ्या. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की असं होतं. आई मुलीची मान स्पंजने घासते आणि वर तिलाच ओरडते की नीट अंघोळ करत नाहीस, ही गोष्ट ऐकली की मला फार वाईट वाटतं. त्या मुलीची काही चूक नसते, तिला रक्ततपासणीची गरज असते.

प्रदूषणाने कोड येतो का?

कोड म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटते, हवेमुळे कोड आला असं म्हणायला आधार नाही. पण रसायनाने रंगपेशी मरतात याचं उदाहरण आपल्या कपाळावरच आहे, काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल असतं आणि नेमक्या टिकलीच्या जागी पांढरा गोल डाग पडतो. तसं दिसायला लागलं तर चिकटवायची टिकली त्या दिवसापासून बंद, डॉक्टरांना दाखवा. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पायावर पांढरं पडतं तेही बऱ्याचदा असंच. याउलट हेअर डायने कपाळाच्या कडेला, कानामागे काळसर पट्टा येतो. तेव्हा हवेवर खापर फोडण्याआधी आपण रोज अंगाला काय लावतो ते बघा.

ॲपवर एक्यूआय १५० दाखवतं. हे वाईट का? शेजाऱ्याच्या ॲपवर वेगळाच आकडा असतो.

सीपीसीबी म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर १०१ ते २०० म्हणजे 'मध्यम'. आकडा पीएम २.५ मुळे १५० असेल तर दर घनमीटर हवेत ते साधारण ७५ मायक्रोग्रॅम असतात. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६०, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासूनची शिफारस १५. म्हणजे 'मध्यम' वाचून निवांत होऊ नका. खासगी ॲप बऱ्याचदा अमेरिकन मोजमाप वापरतात म्हणून त्याच हवेला आकडा वेगळा येतो, तेव्हा सरळ पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात वाईट, कारण वारा पडतो आणि जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकून धूर खालीच राहतो, पावसाळ्यात सगळं धुऊन निघतं.

स्कार्फ बांधला तर चालेल का? मास्क?

स्कार्फने ऊन नक्की अडतं, म्हणून बांधाच, पण पीएम २.५ साध्या सुती ओढणीतून आरपार जातात. आणि तोच स्कार्फ आठवडाभर न धुता वापरला तर कालची काजळी आज घामात भिजवून गालावर चोळल्यासारखं होतं. एकदा पांढरा स्कार्फ आतून उलटा करून बघा, नाकाच्या बाजूला करड्या रेघा असतात. रोज धुवा, दोन-तीन ठेवा. एन-९५ मास्क फुप्फुसांसाठी आहे, आणि फुप्फुसं चेहऱ्यापेक्षा महत्त्वाची आहेत, फक्त मास्क घट्ट घासून नाकावर काळा पट्टा पडत असेल तर आधी थोडं मॉइश्चरायझर लावा.

घरी आल्यावर चेहरा कशाने धुवू? स्क्रब? लिंबू? चारकोल?

साध्या सौम्य फेसवॉशने किंवा साबणविरहित बारने, एकदा, कोमट नाहीतर साध्या पाण्याने, बोटांनी. संपलं. अंगाच्या साबणाचा पीएच ९-१० असतो आणि कातडीचा ५ च्या आसपास, म्हणून तोंड ताणल्यासारखं होतं. लिंबू लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे काळे डाग पडतात, हे दर उन्हाळ्यात कोणा ना कोणाला झालेलं बघतो. चारकोल अर्ध्या मिनिटात पाण्याबरोबर वाहून जातो, त्याच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब तर नकोच. दिवाळीचं उटणं हलक्या हाताने वर्षातून एकदा लावायला कोणी अडवलेलं नाही, रोज घासायला मात्र नाही. लगेच नंतर मॉइश्चरायझर, तेलकट चेहरा असला तरी, कारण वरचा थर शाबूत राहिला तरच बाकी सगळ्याला अर्थ आहे.

सनस्क्रीन कुठलं?

एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए (यूव्हीए अडवण्याचं माप) तीन प्लस, चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून. वांग असेल तर टिंटेड म्हणजे कातडीच्या रंगाचं घ्या ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. कारण सावळ्या कातडीत साधा दिसणारा प्रकाशसुद्धा रंगपेशी जागवतो आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. यूव्हीए काचेतूनही येतो, त्यामुळे टीएमटी बसच्या खिडकीत बसणाऱ्यांनाही लागू. दुपारी परत लावा.

मैत्रिणीने एक ट्यूब सांगितलीय, आठ दिवसांत गाल उजळतो. ती द्या ना.

ही ट्यूब मी चिठ्ठीशिवाय देत नाही आणि यावर रोज वाद होतो. तिच्यात तीन औषधं असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. वांगावर ते खरोखर चालतं, डॉक्टर ठरावीक आठवड्यांसाठी, साधारण ८ पर्यंत, लक्ष ठेवून देतात. लोक ती वर्षानुवर्षं साध्या क्रीमसारखी लावतात. एक ताई आल्या होत्या, तिशीच्या असतील, दुमडून दुमडून सपाट केलेली ट्यूब, नाव पुसून गेलेलं. गाल लाल, त्यावर बारीक शिरांचं जाळं, हनुवटीवर लव वाढलेली. बोलताना सारखा हात गालाकडे न्यायच्या पण टेकवायच्या नाहीत, कारण बोट लागलं तरी जळजळ. लावली नाही तर आग होते आणि लावली की बरं वाटतं, म्हणून सोडवत नाही. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी याला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' असं नावच दिलंय, इतक्या केसेस आहेत. २०१८ मध्ये अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठी लागतेच, तरी मिळतात हे दुर्दैव आहे आणि आमच्या धंद्यातल्यांनी ते थांबवायला पाहिजे.

कोणी आधीच लावत असेल तर एकदम फेकून देऊ नका, डॉक्टरांकडे जा, हळूहळू उतरवावं लागतं. आणि लेबल नसलेली, पार्लरमधून डबीत मिळणारी गोरं करणारी क्रीम तर हातातही घेऊ नका, त्यात पारा निघतो, त्याला बंदी आहे, तो टायरोसिनेज बंद करतो म्हणून रंग उजळतो आणि किडनी खराब करतो.

मग चिठ्ठीशिवाय काहीच नाही?

आहे ना. नायसिनमाइड, साधारण ४-५ टक्के, रंगाच्या पुड्या साध्या पेशीत जाण्याचं प्रमाण कमी करतं आणि वरचा थरही सुधारतो, मी सगळ्यात आधी हेच सुचवतो. व्हिटॅमिन सी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर काम करतं, पण सीरम तपकिरी पडलं असेल तर ते गेलं, वापरू नका. ॲझेलिक ॲसिड डॉक्टरांना विचारून. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या वांगावर देतात खरं, पण रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बघूनच, त्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून अजिबात नाही. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा, चार सीरम एकत्र लावून चेहरा सोलून घेतलेले बरेच येतात.

गरोदर आहे, काय लावू?

सनस्क्रीन, मॉइश्चरायझर, टोपी. ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन नको. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचा वांग आपोआप फिका पडतो, घाई नको.

घरातच असते दिवसभर, मला काय प्रदूषण?

कॉइल लावता का? २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ हे ७५ ते १३७ सिगारेटींएवढे निघाले होते. दारं लावून कॉइल, वर अगरबत्ती, धूप, फोडणीचा धूर, सगळं बंद फ्लॅटमध्ये साठतं. मच्छरदाणी लावा, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि रस्त्याकडची खिडकी सकाळच्या गर्दीत बंद ठेवून दुपारी उघडा.

कॅन्सर?

२०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने बाहेरच्या हवेचं प्रदूषण कॅन्सरचं कारण म्हणून जाहीर केलं, ते फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पुराव्यावर. गालावरचे वांग किंवा वयाचे डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. मात्र तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळा डाग वाढतोय, कडा वेडीवाकडी आहे, रक्त येतंय, तर त्याच आठवड्यात दाखवा, आपल्या लोकांत रंगपेशींचा कॅन्सर अशाच जागी जास्त सापडतो.

किती दिवसांत जाईल? आणि खासगी डॉक्टर परवडत नसेल तर?

दिवसांत नाही, महिन्यांत. वरचा थर बदलायलाच महिना-दीड महिना लागतो, त्यामुळे कशाचाही परिणाम दोन-तीन महिने बघितल्याशिवाय ठरवू नका, आणि रंग खोलवर उतरलेला असेल तर पूर्ण जाणारही नाही, डॉक्टर वुड्स लॅम्प नावाच्या अतिनील प्रकाशाच्या दिव्याने बघून साधारण अंदाज देतात. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलला स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. जाताना सध्या लावता ती प्रत्येक ट्यूब, डबी, घरगुती लेपसुद्धा पिशवीत घालून न्या, आणि त्या दिवशी चेहऱ्याला पावडर-फाउंडेशन काही लावू नका.